आधी नोंदणी, मग ओळख

समुपदेशक शोधायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "आपल्यातलं कुणी आहे का?" प्रश्न चुकीचा नाही. सुनेच्या घुसमटीला 'सब्र कर' आणि पोराच्या भीतीला 'नजर लागली' एवढंच उत्तर मिळत आलं असेल, तर आपल्या घरची रीत समजणारं माणूस हवंसं वाटणारच. पण तालुक्याच्या गावात 'आपल्यातला' म्हणजे चाचीच्या माहेरचा, नाहीतर जमातीच्या कमिटीवरच्या कुणाचा तरी जावई. माझ्या एका आतेबहिणीने याच धास्तीने वर्षभर तोंड उघडलं नाही. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती.

म्हणून मी म्हणतो, आधी नोंदणी बघा. 'काउन्सेलर' एवढ्या पाटीवरून काहीच कळत नाही. चार दिवसांचा कोर्स केलेलाही ती लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. सायकियाट्रिक सोशल वर्करला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. नोंदणी क्रमांक विचारणं म्हणजे बेअदबी नव्हे. त्याच कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. तुमची गोष्ट बाहेर न जाणं हा तुमचा हक्क आहे, समोरच्याची मेहेरबानी नाही. त्याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर. ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आणि गावात असं कुणी नसेलच तर? बहुतेक गावांत नसतंच. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. पण दोन खोल्यांत सातजण राहतात तिथे फोनवर बोलायचं कुठे? हे कुठलंच ॲप सोडवत नाही, आणि हे ॲप बनवून पोट भरणारा माणूस सांगतोय.

मौलानांकडून दुआ जरूर घ्या. मौलानांनीही १४४१६ जवळ ठेवावा. कमिटीकडे मात्र माझी एक मागणी आहे. आपण ॲम्ब्युलन्ससाठी वर्गणी काढतो, अभ्यासिका चालवतो. त्याच अभ्यासिकेत एक छोटी खोली, वायफाय आणि दाराला आतून कडी एवढं करा. तिथे कोण कशासाठी आलं, हे कुणी विचारणार नाही. सगळे अभ्यासालाच येतात. खर्च मंडपाच्या भाड्याहून कमीच होईल.