हळदीचा गुण आणि मेंदूचें द्वार

गेल्या महिन्यांत आमचे एक जुने विद्यार्थी भल्या सकाळीं घरीं आले. त्यांच्या मातोश्रींच्या मेंदूंत ग्लायोब्लास्टोमा नांवाची दुर्धर गांठ निघाली होती. आधीं शस्त्रक्रिया, मग किरणोपचार व टेमोझोलोमाइड, असा क्रम डॉक्टरांनीं सांगितला. परंतु घरांतील वडील मंडळींचा आग्रह कीं, दोन महिने हळदीचें दूध देऊन पाहावें. "हळदीनें गांठ विरघळते असें छापून आलें आहे. गुरुजी, काय करावें?"

छापलें तें सर्वस्वीं खोटें नव्हे. हळदींतील कर्क्युमिन हें पिवळें द्रव्य काचपात्रांत अशा गांठीच्या पेशी मारतें. परंतु काचपात्र निराळें आणि मस्तक निराळें. कर्क्युमिन पाण्यांत विरघळत नाहीं. आंतड्यांतून अत्यल्प शोषलें जातें, आणि तेवढ्याचेंही यकृत तत्काळ रूपांतर करतें. शिवाय बहुतेक औषधांस मेंदूचें द्वारच बंद. १८८५ सालीं पॉल एर्लिख यांनीं प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडले, तेव्हां इतर इंद्रियें रंगलीं, मेंदू मात्र बहुतांशीं कोरा राहिला. तेथील रक्तवाहिन्यांच्या भिंतींची वीण फार घट्ट असते, हें त्याचें कारण पुढें कळलें. विष अडविणारी ही भिंत औषधासही परकें समजते.

यावर संशोधकांनीं योजिलेली युक्ति अशी: औषध सुमारें १०० नॅनोमीटरांच्या स्निग्ध कणांत भरावयाचें. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. केसाहून हे कण शेंकडों पटींनीं बारीक. त्यांच्या अंगावर ट्रान्सफेरिन, म्हणजे रक्तांतील लोह वाहणारें प्रथिन, बसवितात. मेंदूस लोह हवेंच. म्हणून द्वारपाल या पाहुण्यास आंत घेतो. उंदरांवरील प्रयोगांत अशा कणांनीं औषध मेंदूंत अधिक पोंचलें. यू वृक्षाच्या सालींत सांपडलेलें पॅक्लिटॅक्सेल प्रथिनकणांतून देण्यास अमेरिकेंत २००५ सालीं मान्यताही मिळाली. पण ती स्तनाच्या कर्करोगासाठीं. मेंदूच्या गांठीवर वनस्पतिजन्य औषधाचे असे कण हा अद्याप रूढ उपचार नाहीं.

आम्ही विद्यार्थ्यास एवढेंच म्हणालों, "अरे, गुण द्रव्यांत असतो, फळ योजनेनें मिळतें. ती योजना अजून प्रयोगशाळेंत आहे, तुमच्या दुधाच्या पेल्यांत नाहीं. डॉक्टरांस विचारून दूध खुशाल द्या. शस्त्रक्रियेचा दिवस मात्र लांबवूं नका. गांठ कोणासाठीं थांबत नाहीं."

शस्त्रक्रिया पार पडली आहे. पुढील उपचार व्हावयाचे आहेत. मातोश्री परवां स्वतः उठून देवापाशीं बसल्या, असें कळतें. ज्या घरांत आज असाच वाद चालला असेल, त्यांच्यासाठीं हें लिहिलें.