तेराही हात

चिकोडी-निपाणी भागात लग्नघरी रात्र जागवायची म्हटलं की पत्त्यांचा कॅट निघतो, आणि कुणी तीन पत्तीला बसतं, कुणी मेंढीकोटाला. दोन्हीकडे एखादा डाव असा पडतो की त्याची चर्चा पुढची दोन वर्षं होते. तीन पत्तीत तो एक्क्यांचा ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं एक्के. मेंढीकोटात बावन्न पानांचा कोट, म्हणजे तेराही हात एकाच जोडीचे. दोन्ही दुर्मीळ, म्हणून दोघांनाही सारखीच वाहवा मिळते. मला हे पटत नाही. पान दुर्मीळ आलं यात खेळणाऱ्याचं कर्तृत्व काय?

हिशेब सोपा आहे. बावन्न पानांतून तीन पानं 22,100 प्रकारांनी येतात. त्यांत ट्रेल 52, आणि एक्क्यांचे फक्त 4. म्हणजे 5,525 वाटपांत एकदा. पण हे सगळं पान उचलायच्या आधीच ठरलेलं असतं. मेंढीकोटाचं तसं नाही. तिथं डाव ठरतो दश्श्यांवर, आणि दश्शी हे मुळात दुबळं पान: गुलाम, राणी, राजा, एक्का तिला खातात, हुकमाची दुर्रीही खाते. चारही दश्श्या ठरावीक एका खेळाडूच्या वाट्याला साधारण 379 डावांत एकदा येतात, आणि तो माणूस त्या चारही घालवून बसू शकतो. त्या राखायच्या तर भिडूने किलवरचा एक्का उतरला की किलवरची दश्शी तिथंच सोडायची, हे सुचावं लागतं. कट हुकमात तर ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही, त्याने टाकलेल्या पानाचाच हुकूम होतो. त्या एका पानावर पुढचा सगळा डाव फिरतो. स्वतःकडे जास्त असलेला रंग टाकायचा की भिडूच्या आधीच्या पानांवरून त्याचा रंग ओळखायचा? बावन्नाच्या कोटात असा एकही निर्णय चुकून चालत नाही, कारण सुटलेला हात परत येत नाही.

सोंगट्यांनी खेळायच्या जपानी माहजाँगमध्येही असा कर्तृत्वाचा डाव आहे. तिथं सर्वांत मोठ्या डावाला याकुमान म्हणतात. चौघेही बहुधा 25,000 गुणांवर सुरुवात करतात आणि याकुमान एका झटक्यात 32,000 देतो, वाटणाऱ्याला 48,000. त्यांतला ‘कोकुशी मुसो’ मला विशेष वाटतो. त्यात प्रत्येक रंगातली एक्की आणि नव्वी, चार वारे आणि तीन ड्रॅगन अशा तेरा जातींची एकेक सोंगटी लागते, शिवाय त्यांतल्याच एकीची जोडी. एरवी ही भरताड लवकर फेकून देतात. पहिल्याच उचलीला अशा नऊ जाती हातात आल्या तर डाव रद्द करायची मुभा आहे. ती नाकारून पुढं जाणारा जोखीम घेतो, आणि 32,000 गुण त्या जोखमीचे आहेत.

कुणी म्हणेल, तीन पत्तीतही ब्लाइंड आहे, चाल आहे, समोरच्याचा चेहरा वाचणं आहे. आहेच. पण ते कसब पैशाचं आहे, पानांचं नाही. पैसे काढून घेतले तर तीन पत्तीत खेळण्यासारखं फार थोडं उरतं, मेंढीकोट मात्र रात्रभर चालतो. सर्वोच्च न्यायालयानेही 1967 साली रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना पडलेली पानं लक्षात ठेवणं आणि कोणतं पान राखायचं, कोणतं टाकायचं, यावरच भर दिला होता, आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं होतं. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांत हा फरक ठेवलेला नाही. पैशापुरतं ते योग्यच झालं, पण कोणत्या डावाला दाद द्यायची हे त्यातून ठरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. माहजाँगमध्येच ‘तेन्हो’ नावाचा याकुमान आहे: वाटणाऱ्याच्या पहिल्या चौदा सोंगट्यांतच डाव पूर्ण. सुमारे 3,30,000 डावांत तो एकदा येतो, आणि त्यात खेळाडू काहीच करत नाही. तरी गुण तेवढेच. इथं जपानी नियमच मला चुकलेला वाटतो. तेन्होला साधा डाव जिंकल्याचे गुण द्यावेत, आणि 48,000 कोकुशी जुळवणाऱ्या वाटणाऱ्यासाठी ठेवावेत.