रायफल कोणती, हा दुसरा प्रश्न

आफ्रिकेतील शिकार-सफारीवरचे जुने लेखन चाळले की दोन प्रकरणे हमखास भेटतात. रायफल कोणती घ्यावी, आणि अपघात घडल्यास काय करावे. पहिल्यावर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. दुसऱ्याच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. हे प्रमाण स्वतःच इतिहासाचे एक साधन आहे, असे माझे मत आहे. कागलच्या घाटगे घराण्याच्या आणि कोल्हापूर दरबाराच्या शिकारकथा ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीने तरी ते वाचायला शिकले पाहिजे. म्हणून हा धागा.

आधी रायफल. आफ्रिकेत हत्ती वा रानरेड्यापुढे उभे राहणारे शिकारी आजही दुनळी .४७० चे नाव आदराने घेतात. पण ही मापे इतकी चमत्कारिक का? .४६५, .४७०, .४७५? १८९८ मध्ये रिग्बी यांनी बाजारात आणलेली .४५० नायट्रो एक्स्प्रेस त्या कामाला पुरेशी होती. अडचण बंदुकीत नव्हती, राज्यकर्त्यांच्या मनात होती. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलीची गोळीही .४५० मापाचीच. शिकारीच्या नावाखाली आलेला दारूगोळा बंडखोरांच्या हाती लागेल, या धास्तीने १९०७ च्या सुमारास ब्रिटिशांनी हिंदुस्थान आणि सुदान येथे या मापावर बंदी घातली. लंडनच्या बंदूककारांनी मग मापे किंचित बदलली. हॉलंड अँड हॉलंडची .४६५ त्यातूनच जन्मली, आणि .४७० ला खरी भरभराट आली तीही यामुळेच.

म्हणजे केनियातील शिकाऱ्याच्या खांद्यावरच्या रायफलीचे माप ठरले ते आपल्या लोकांच्या भीतीने! ती भीती निराधार नव्हती. कोल्हापुरात १८५७ साली २७ व्या पलटणीने उठाव केला होता. पुढे शिवाजी क्लबच्या तरुणांवर सरकारची करडी नजर होती. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला जॅक्सनवर झाडले गेलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आले होते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य रयतेच्या हातून हत्यार केव्हाच काढून घेतले होते. संस्थानिकांच्या भिंतीवर मात्र दुनळ्या मिरवत राहिल्या.

आता अपघात. जुने शिकारी याविषयी बेफिकीर होते, असे समजू नये. दुसरी भरलेली रायफल घेऊन माणूस शेजारी उभा असे. हाक्याच्या रांगेच्या दिशेने गोळी झाडू नये, जखमी जनावर तसेच सोडू नये, हे नियम कडक होते. पेनिसिलिन येण्यापूर्वी बिबट्याच्या नख्यांची जखम चिघळून माणूस दगावे, म्हणून कार्बोलिक आम्ल किंवा पोटॅशियम परमँगनेट जवळ बाळगत. हे सगळे खरे. परंतु ही तजवीज प्रामुख्याने मचाणावरच्या माणसासाठी होती. झुडपातून डबे वाजवीत, ओरडत पुढे सरकणाऱ्याच्या हातात काठी असे, फार तर कुऱ्हाड.

त्सावोचे उदाहरण पाहा. १८९८ मध्ये युगांडा रेल्वेच्या पुलाच्या कामावर दोन नरभक्षक सिंहांनी मजुरांना महिनोन्महिने छळले. अभियंता पॅटरसन एकदा अवजड, पण उसनी रायफल घेऊन हाक्यावर उभा राहिला. सिंह अगदी समोर आला आणि बार उडालाच नाही. दुसरी नळी झाडण्याचे भान येईतो सिंह वळला होता. उसन्या, न पारखलेल्या हत्यारावर विसंबू नये, हा धडा पुढच्या शिकाऱ्यांनी चोख पाठ केला. त्याच पॅटरसनने मृतांचा आकडा दिला: २८ हिंदी मजूर. आफ्रिकी किती, याची सरकारी नोंदच ठेवली गेली नाही, असेही त्याने लिहून ठेवले आहे. तो धडा कोणी पाठ केला नाही. शिंगांची इंचाइंचाने मोजणी करणारे रोलंड वॉर्डचे नोंदपुस्तक मात्र १८९२ पासून निघत होते.

आपल्याकडे हाक्याला माणसे येत ती कुठून? ब्रिटिश मुलुखात काय आणि संस्थानांत काय, बहुधा भोवतालच्या गावांतून, आणि पुष्कळदा वेठीने. येथे शाहू छत्रपतींचे चरित्र सरळ वाचता येत नाही. ते हाडाचे शिकारी होते. त्यांनीच १९१८ मध्ये महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या, वेठीला बंदी केली आणि ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. रान वाचणाऱ्या फासेपारध्यांना त्यांनी आश्रय दिला. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेला, आंबेडकरांचे भाषण ऐकण्यासाठी, आपण मुद्दाम शिकारीतून आल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. शिकार सोडून आलेला राजा म्हणून आपण या प्रसंगाचे कौतुक करतो. मला त्यात दुसरेही काही दिसते: रानात ज्यांच्या जिवावर शिकार उभी राहते, त्या समाजांनीच भरवलेल्या सभेत राजा श्रोता होऊन बसला होता.

“त्या काळाला आजचे माप लावू नका,” असा आक्षेप येईल. माप त्या काळचेच आहे. वेठ अन्याय्य आहे, हे त्याच काळात, याच मुलुखात, हुकमाने सांगितले गेले होते.

१९५८ मध्ये दाजीपूरचे शिकारीचे रान अभयारण्य झाले, १९७२ च्या कायद्याने शिकारच थांबली. दुनळ्या काचेआड गेल्या. खाली बंदूककाराचे नाव, माप, साल. हाकेकऱ्यांच्या नावांचा शोध मोडीतच घ्यावा लागेल. तेव्हा कागल, मुरगूड, राधानगरी भागात कुणाच्या घरी जुन्या रोजकीर्दी वा खतावण्या असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळा. ‘हाका’, ‘शिकारखाना’ किंवा जखमी माणसाला दिलेली बक्षिसी अशी एखादी ओळ दिसली, तर त्या पानाचे छायाचित्र खाली टाका. मोडी वाचून देण्याचे काम माझे.