जवानाची रजा खातो कोण?

दिवाळी जवळ आली की आपल्या शहरांतून सरहद्दीकडे फराळाचे डबे रवाना होऊ लागतात. चकल्या-करंज्यांनी भरलेल्या पेट्यांसमोर पुढारी उभे राहतात, शाळकरी मुलांकडून जवानांना शुभेच्छापत्रे लिहून घेतली जातात, आणि छायाचित्रे छापून आली की देशकार्य पार पडल्याच्या समाधानात मंडळी आपापल्या घरच्या पणत्यांकडे वळतात. या भावनेची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या शिपायाला त्या डब्याचे मोल आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. परंतु त्याला कोणी विचारले की, बाबा रे, तुला डबा हवा की घरी चार दिवस हवेत, तर तो काय उत्तर देईल हे सांगावयास ज्योतिषी नको!

सणाचे दिवस त्याला घरी मिळत नाहीत याबद्दल आम्ही लष्कराला दोष देणार नाही. शत्रू पंचांग पाहून येत नाही. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले आणि त्याच्या पाठोपाठ दिवाळी आली. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, फौजा पश्चिम सरहद्दीवर हलविण्यात आल्या आणि त्या मागे घेण्याचा निर्णय जाहीर होण्यास १६ ऑक्टोबर २००२ उजाडला. म्हणजे संक्रांतीपासून दसऱ्यापर्यंतचे यच्चयावत सण तंबूत गेले. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात रक्त सांडल्यानंतर सुमारे ५०,००० जादा सैनिक पूर्व लडाखमध्ये गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता होईपर्यंत चार दिवाळ्या उलटल्या. पलटणी बदलत राहिल्या, पहारा बदलला नाही.

आपल्या मराठी पलटणींची याहून एक निराळी अडचण आहे आणि तिचा विचार शहरातल्या वाचकांनी क्वचितच केला असेल. मिश्र पलटणीत एकाची दिवाळी असते तेव्हा दुसऱ्याचा नाताळ दोन महिने दूर असतो. एक गेला की दुसरा उभा राहतो. परंतु जिथे बहुतेक जवान सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे, तिथे गणपती सगळ्यांचेच एका दिवशी येतात. सगळ्यांनाच त्या दिवशी गाव दिसू लागते आणि सगळ्यांनाच सोडले तर मोर्चा सांभाळणार कोण? मग ज्याला गणपती मिळाले त्याने दिवाळीचे नाव काढावयाचे नाही, आणि ज्याचे नुकतेच लग्न झाले त्याच्यासाठी जुन्याने मागे सरावयाचे, अशा समजुतीनेच वाटणी होणार. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ पुत्र गमावले आणि आजही ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. अशा गावांतून एकेका आळीत किती घरांचा पाडवा कर्त्या पुरुषावाचून साजरा होत असेल, याची कल्पनाच करावी. पाडव्याला औक्षणाचे तबक तयार असते आणि पाटावर बसणारा नसतो. भाऊ दूर असेल तर भाऊबीजेला बहिणीने चंद्राला ओवाळावे अशी आपली जुनी रीत आहे. ती ज्या कोणी घालून दिली तिला ताटातुटीचे दुःख पुरते ठाऊक असले पाहिजे.

हे दुःख देशासाठी आहे, ते सोसलेच पाहिजे, आणि जवानांची कुटुंबे ते तक्रार न करता सोसतात. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सण हुकला तरी रजा हुकत नाही. साध्या जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक व ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती हक्क म्हणून मागता येत नाही, सवडीनुसार आणि तुकड्यातुकड्यांनी मिळते; पण मिळते. तेव्हा सणावाराचे नसले तरी हे दिवस तो बायकामुलांत घालवीत असेल, असे आपण धरून चालतो. तो ते कुठे घालवितो हे पाहावयाचे असेल तर सरहद्दीवर जाण्याचे कारण नाही, मुंबईपासून तासा-दोन तासांवर भिवंडीपर्यंत गेले तरी पुरे.

भिवंडीनजीकचे राहनाळ हे गाव घ्या. एके काळी इथे भाताची खाचरे होती. मुंबईतील जकात चुकविण्यासाठी माल शहराबाहेर साठविला जाऊ लागला आणि भिवंडीच्या आसपासच्या गावांतून गोदामांमागून गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. आज आपल्या दिवाळीच्या खरेदीतील कितीतरी खोकी याच पट्ट्यातून निघून देशभर जातात. जिथे गुंठ्याला किंमत आली तिथे बांधाला भांडण आले, हे ओघानेच झाले. अशा गावातील एखादा तरुण सैन्यात असला आणि त्याच्या पश्चात वडील वारले, तर सात-बारावर वारसाची नोंद लावावयाची, मोजणीची तारीख घ्यावयाची, चुलत्याने घेतलेल्या हरकतीला तोंड द्यावयाचे, ही सारी कामे कोणी करावयाची? घरी म्हातारी आई आणि लहान मूल कडेवर घेतलेली बायको! फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते, हे कायद्याने ठीकच आहे. पण महिन्याभरासाठी आलेल्या माणसाचा निम्मा महिना त्यात गेला. हरकत आली की सुनावणी, सुनावणीला प्रतिपक्ष गैरहजर, पुढची तारीख त्याची रजा संपल्यानंतरची. सणाला जो येऊ शकला नाही, तो सण नसताना येतो आणि चावडीच्या बाकावर बसून परत जातो. मुलाच्या लेखी बाप आला काय आणि न आला काय!

सात-बाराचा उतारा आता घरबसल्या निघतो हे आम्ही जाणतो. पण उतारा यंत्र देते. वाद यंत्र मिटवीत नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी की, परक्या सरकारला जे कळले होते त्याचा आपल्याला विसर पडला आहे. शेतकऱ्याचा मुलगा फौजेत जाताना मरणाला भीत नाही, मागे राहिलेल्या जमिनीसाठी भितो, हे इंग्रजाने ओळखले होते. १९२५ चा शिपायांच्या दाव्यांसंबंधीचा कायदा, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, आजही अस्तित्वात आहे. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत नोकरीवर असलेला शिपाई हजर राहू शकत नसेल, तर त्याच्याविरुद्धचे काम दिवाणी व महसुली न्यायालयांनी तहकूब ठेवावे अशी त्यात तरतूद आहे. आपल्या तालुक्यांच्या कचेऱ्यांतून किती अव्वल कारकुनांनी या कायद्याचे नाव ऐकले आहे, याची जिल्हाधिकाऱ्यांनी एकदा चौकशी करावी. आणि हा कायदाही अर्धेच काम करतो. तो जवानाच्या गैरहजेरीत त्याचे नुकसान होऊ देत नाही. त्याच्या हजेरीत त्याचे काम करून देत नाही. उलट तहकुबीने दावा लांबतो आणि पुढच्या रजेवर आणखी एक तारीख चढते.

म्हणून आम्ही सरकारकडे नवा कायदा मागत नाही, नवे महामंडळ तर नाहीच नाही. एवढेच मागतो की, जवानाने आपल्या रजेचा दाखला अर्जाला जोडला, तर सुनावणी व मोजणी त्या मुदतीतच लावावी आणि प्रतिपक्ष विनाकारण गैरहजर राहिला म्हणून ती पुढे ढकलू नये. ज्या कामाला हरकतच नाही ते त्याच रजेत निकालात काढावे. न निघाले तर का निघाले नाही, हे तहसीलदाराने त्याच्या पलटणीच्या अधिकाऱ्याला आपल्या सहीने कळवावे. त्या पत्राचा मसुदा लिहिताना पुष्कळ प्रकरणे आपोआप निकालात निघतील असा आमचा अंदाज आहे! ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. रजेवर येणाऱ्या जवानांची प्रलंबित कामे गोळा करून तालुक्यांना आगाऊ कळविण्यास त्याला कोणाची आडकाठी नसावी. यंदा फराळाच्या पेट्यांसमोर उभे राहणाऱ्या लोकप्रतिनिधींनी त्याच दिवशी भिवंडीच्या तहसील कचेरीतही डोकवावे आणि सैनिकांच्या नावावरील किती फेरफार वर्षाहून अधिक काळ पडून आहेत तो आकडा मागून घ्यावा. तो त्यांनी आमच्याकडे धाडल्यास आम्ही तो त्यांच्या छायाचित्राशेजारी, याच पानावर छापू.