धनुष्य, छायाचित्र आणि परीक्षकांचे मौन

साहित्यचर्चेच्या या जागेवर लाकडी धनुष्यांविषयी का लिहीत आहोत, ते प्रथम सांगून टाकतो. लाकडाच्या एका ओंडक्यातून स्वहस्ते धनुष्य घडवणाऱ्या हौशी मंडळींचा एक चिकाटीचा वर्ग अमेरिकेत आणि काही प्रमाणात युरोपात आहे. टिम बेकर, पॉल कॉमस्टॉक आदींनी लिहिलेली ‘द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ ही ग्रंथमाला म्हणजे या वर्गाचे क्रमिक पुस्तकच. तिचा पहिला खंड १९९२ मध्ये निघाला आणि चौथा २००८ मध्ये. ही मंडळी आपापसांत स्पर्धा भरवतात. अंतरे मोठी असल्यामुळे धनुष्य परीक्षकांपर्यंत पोचत नाही, पोचतात ती त्याची छायाचित्रे: दोरी उतरवलेले धनुष्य, दोरी चढवलेले धनुष्य, पूर्ण ताणलेले धनुष्य, शिवाय मुठीची आणि टोकांची जवळून घेतलेली चित्रे. त्यांवर मते पडतात आणि विजेता ठरतो. वस्तू समोर नसताना तिच्या प्रतिमेवरून निवाडा करण्याचा हा व्यवहार आहे. कृतीऐवजी कृतीचे वर्णन वाचून मत बनवण्याची सवय ज्यांच्या विद्यापीठांत रुजली आहे, त्या आपणा सर्वांना तो अगदीच परका वाटू नये.

या स्पर्धांवर एक ठरावीक आक्षेप घेतला जातो. धनुष्य हे मारण्यासाठी असते, पाहण्यासाठी नव्हे. ते हाती घेऊन चार बाण सोडल्याखेरीज त्याची पारख होत नाही. तेव्हा छायाचित्रांची स्पर्धा म्हणजे पोरखेळ. हा आक्षेप घेणारे बहुधा सॅक्स्टन पोप यांचा दाखला देतात. पोप हे सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक. याही जमातीचा इशी १९११ मध्ये प्रकट झाला आणि १९१६ मध्ये वारला. दरम्यानच्या काळात पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. पुढे संग्रहालयातील नाना देशांची धनुष्ये त्यांनी काचेच्या कपाटांतून बाहेर काढली, ती ओढायला किती पौंडांचे बळ लागते ते मोजले, बाण किती लांब जातो ते पाहिले आणि १९२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. कपाटातले धनुष्य पाहून जे कळत नव्हते ते त्यांनी ओढून दाखवले, हे खरेच. बाणाचा वेग, सोडताना मुठीत बसणारा हिसका, ओढीच्या अखेरच्या दोन-तीन इंचांत एकाएकी वाढणारे वजन, यांतले काहीही छायाचित्रात उतरत नाही. पौंडांचा आकडा तर घडवणाऱ्याने सांगितला म्हणूनच मानायचा असतो.

तरीही हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. जे दिसत नाही त्याची यादी करून जे दिसते ते निकालात काढण्याची ही युक्ती आहे, आणि ती फार सोयीची आहे.

छायाचित्रात दिसते ते थोडे नाही. धनुष्य घडवण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे मुठीच्या वरचे आणि खालचे अशी दोन्ही पाती सारखी आणि योग्य तऱ्हेने वाकतील असे लाकूड तासणे. इंग्रजीत यास टिलर म्हणतात. मराठीत ‘तीरकामठा’ हा शब्द जिवंत असला तरी या कामाची परिभाषा आमच्या वाचनात आलेली नाही, म्हणून तोच शब्द ठेवतो. पूर्ण ताणलेल्या धनुष्याचा टिलर घडवणाऱ्याला स्वतःला नीट दिसत नाही. त्याचे अंग ओढण्यात गुंतलेले असते आणि डोळा दोरीपाशी असतो. तो दिसतो समोर उभ्या असलेल्या माणसाला किंवा कॅमेऱ्याला. म्हणूनच अनेक अनुभवी कारागीर स्पर्धेचा विचारही मनात नसताना घडवता घडवता छायाचित्रे काढतात आणि त्यांवर वर्तुळाची चाप ठेवून बाक तपासतात. हाताला जे कळत नाही ते चित्राला कळते, असा हा प्रकार आहे. हातात घेतल्याशिवाय पारख नाही म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मात्र हे चित्र वाचावे लागते, आणि ते वाचायला शिकावे लागते. लाकडावर पडणारा ताण त्याची जाडी आणि त्याचा बाक या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतो. एखाद्या धनुष्याचे पाते मुठीपासून टोकापर्यंत रुंदीत सरळ निमुळते होत गेले आणि जाडी मात्र एकसारखी राहिली, तर ते वर्तुळाच्या कंसासारखे वाकले पाहिजे. पाते बरेच अंतर एकाच रुंदीचे असून टोकाकडे जाडीने उतरत असेल, तर त्याने टोकाकडे अधिक वाकावे, लंबवर्तुळासारखे. याचा अर्थ असा की बाजूने काढलेला तोच बाक एका धनुष्यात गुण ठरतो आणि दुसऱ्यात दोष. समोरून काढलेले चित्र शेजारी ठेवल्याखेरीज बाजूच्या चित्राला अर्थच नाही. ओसेज ऑरेंजसारख्या लाकडाचा ओंडका मुळातच नागमोडी असेल तर प्रकरण आणखी नाजूक होते. तेथे ताणलेल्या धनुष्याचा आकार पाहून चालत नाही. उतरवलेल्या चित्रातल्या वळणाशी ताड करून प्रत्येक जागी बाक किती बदलला ते पाहावे लागते. दिसायला वाकडेतिकडे असलेले धनुष्य निर्दोष असू शकते आणि डोळ्यांना गोड वाटणारी कमान आतून एका जागी मोडत चाललेली असू शकते.

उतरवलेल्या धनुष्याचे चित्रही असेच बोलके असते. ओढून ओढून लाकूड थकते आणि दोरी काढल्यावरही थोडे वाकलेले राहते. हा कायमचा बाक एक-दीड इंच असेल तर त्यात वावगे नाही. पण तो पात्यात कोठे आला हे महत्त्वाचे, कारण मुठीलगत आलेला बाक टोकापर्यंत पोचेतो कितीतरी मोठा होतो. तास-दोन तास विसावा मिळाला की लाकूड त्यातले काही भरूनही काढते. तेव्हा हे चित्र बाण सोडून दोरी उतरवताच काढले की दुसऱ्या दिवशी सकाळी, हा प्रश्न प्रत्येक परीक्षकाने विचारावा असा आहे. तो विचारला गेल्याचे आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

कॅमेऱ्याच्या खोड्या वेगळ्याच. फार जवळून रुंद कोनाच्या भिंगाने चित्र काढले की कडांजवळच्या रेषा आपोआप वाकतात. कॅमेरा मुठीच्या उंचीवर नसला तर एक पाते ताठर भासते. दूर उभे राहून, मुठीच्या पातळीवरून, धनुष्याच्या प्रतलाशी काटकोनात चित्र घ्यावे, एवढा नियम पुरेसा आहे. यात आणखी एक विसंगती आहे. लाकडी धनुष्य पूर्ण ताणून क्षणभरापेक्षा अधिक धरू नये हे प्रत्येक कारागीर जाणतो, आणि चित्र काढणारा मित्र भिंगाशी खटपट करीत असताना बिचाऱ्याला ते नेमके तसेच धरून उभे राहावे लागते. स्पर्धेसाठी धनुष्य असे थोडे झिजवले जाते. निदान त्या झिजेच्या मोबदल्यात तरी परीक्षकाने ते चित्र नीट पाहावे!

पण परीक्षक पाहतात काय? आमचे खरे भांडण येथे आहे. मते बहुधा टिलरला पडत नाहीत. ती पडतात टोकांवर चिकटवलेल्या शिंगाच्या खाचांना, मुठीवर विणलेल्या चामड्याला, लाकडावर चढवलेल्या चकाकीला, आणि सर्वांत अधिक पाठीवर ताणून बसवलेल्या रॅटलस्नेकच्या कातडीला. धनुष्याची पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू. ओढताना ती ताणली जाते. ओसेजसारख्या लाकडात पाठीवर झाडाचे एकच वार्षिक वलय अखंड राखावे लागते, कारण ते तुटले की तेथूनच चीर उठण्याचा धोका. सर्पचर्म शोभिवंत असते हे खरे, पण ते नेमकी हीच जागा झाकते. पुरावा झाकणाऱ्या आवरणास गुण देणारी परीक्षा आम्हांला तरी दुसरी ठाऊक नाही. (काव्यसंग्रहाच्या मुखपृष्ठावर आणि कागदाच्या प्रतीवर दोन परिच्छेद खर्चणारे परीक्षण ठाऊक आहे, पण तेथे निदान कविता झाकलेल्या नसतात.)

‘मेरी रोज’ ही इंग्रज युद्धनौका १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये तिचा सांगाडा समुद्राबाहेर काढला गेला. तिच्या अवशेषांत यू वृक्षाच्या लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. त्यांवर गाठी आहेत, हत्यारांच्या खुणा आहेत, मुठीला वेगळा आकार नाही. सामान्य माणसाला ओढताही येणार नाहीत अशी ती बळकट शस्त्रे होती. आजच्या स्पर्धेत ती पहिल्या फेरीत बाद होतील, याविषयी आम्हांस शंका नाही.

हे सारे हौसेपोटी चालते, बक्षीस म्हणजे फार तर मान, मग एवढा त्रागा कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या माणसाला दुखवायचे कशाला, असेही म्हणेल. या सौजन्याची किंमत कोण देतो ते पाहू. एखादा नवशिक्या लाकडाच्या वखारीतून रेड ओकची फळी आणतो, महिनाभर तासतो आणि चित्रे पाठवतो. खालच्या पात्यावर मध्याच्या थोडे पुढे एकाच जागी बाक एकवटला आहे. कारागीर अशा जागेस बिजागरी म्हणतात, आणि धनुष्य मोडायचे झाले तर ते तेथे मोडते. हे जाणत्या परीक्षकास पाहताक्षणी दिसते. तो लिहितो, ‘सुंदर काम, अभिनंदन’, आणि मत देतो दुसऱ्याला. त्या नवशिक्याला आपण का हरलो ते कळत नाही. आपल्या धनुष्याला सर्पचर्म नव्हते म्हणून हरलो असावे, असा निष्कर्ष तो काढतो आणि पुढच्या खेपेस सर्पचर्म विकत आणतो. मते मोजून झाल्यावर तेच धनुष्य तो मैदानावर नेतो, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ओढतो. जो दोष पाहून गप्प बसला त्याचे सौजन्य आम्हांला कळत नाही.

छायाचित्रांची स्पर्धा बंद करावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. समोरासमोरच्या मेळाव्यात धनुष्य हातोहात फिरते, ‘वा’ म्हटले जाते आणि पुढे जाते. दहा जण एकाच बाकावर एकाच वेळी बोट ठेवून वाद घालू शकतील, ही सोय फक्त चित्राने दिली आहे. तिचा उपयोग वाद घालण्यासाठी व्हावा. मत देणाऱ्याने कारण लिहावे, आणि ते कारण चित्रात दाखवता येईल असे असावे. वेगाविषयी कोणी बोलू नये, कारण तो त्याने पाहिलेला नाही. समोरचे आणि बाजूचे, उतरवलेले आणि ताणलेले अशी चित्रे एकाच मापात मागवावीत, दोरी उतरवल्यापासून किती वेळाने काढली ते नोंदवावे. सर्पचर्म ज्याला लावायचे असेल त्याने ते खुशाल लावावे, मात्र लावण्यापूर्वीच्या उघड्या पाठीचे एक चित्र सोबत जोडावे. ते नसेल त्या धनुष्यास मत देऊ नये.