सोंग आणि सत्त्व

शारदीय नवरात्रात जगदंबेच्या विविध रूपांचे पूजन घरोघरी होते. ह्याच पर्वात मळवट भरून, देवीचा वेष धारण करून आपले छायाचित्र आपणच टिपण्याची हौस चुडाव्यापासून पुण्यामुंबईपर्यंत तरुण मंडळींत आढळते. कित्येक वडीलधाऱ्यांना ही विटंबना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

वेष पालटणे आपल्या परंपरेला नवे नाही. बहुरूपी दारोदार सोंगे दाखवीत आले. नाथमहाराजांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी, जोगीण यांच्या मुखाने परमार्थ सांगितला. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) चित्रपटात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम व सीता ही दोन्ही रूपे साकारली.

भरतमुनींनी अभिनय चतुर्विध सांगितला : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेष व रंगभूषा म्हणजे आहार्य. छायाचित्रात ते हुबेहूब उतरते. सात्त्विक मात्र अंतःकरणातूनच यावे लागते. शिवाय येथे नट, प्रेक्षक आणि छायाचित्रकार एकच असल्याने अहंकार बळावण्याचे भय अधिक. नाथांच्या सोंगात ‘मी’ लोपत असे. आमच्या सोंगात तोच मिरवू लागला, तर हाती केवळ रंग उरेल.

म्हणून घरच्यांनी मुलांवर रागावू नये. धारण केलेल्या रूपाची कथा त्यांना सांगावी. मळवट पुसल्यावर महिषासुरमर्दिनीचे धैर्य आपल्या ठायी किती उरले, हे मुलीने स्वतःस विचारावे. जगदंबा सर्वांस तशी सद्बुद्धी देवो.