वरून सांगितलंय

परवा कोल्हापूरहून पुतण्या आला होता. तो तिथल्या कोर्टात वकिली करतो. सकाळी सर पिराजीराव तलावाच्या बांधावर आम्ही दोघं फिरायला गेलो. बोलता बोलता सरकारी वकिलांचा विषय निघाला. मी म्हटलं, "अरे, खटला चालू असताना मधेच सरकारी वकील काढून टाकतात, हे मला काही पटत नाही." तो हसला. म्हणाला, "काका, त्यात नवीन ते काय? सरकार बदललं की पॅनेल बदलतं. आमच्यात कुणाला त्याचं काही वाटत नाही की."

कुणाला काही वाटत नाही! दोन दिवस हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. घरातले भाचे-पुतणे म्हणतीलच, "काकांनी आता कायद्यातही लुडबुड सुरू केली." म्हणू देत. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला मास्तर आहे, कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न कायद्याच्या आधी साध्या न्यायाचा आहे, आणि न्याय काय असतो हे वर्गात पन्नास पोरं सांभाळणाऱ्याला थोडंफार कळतंच.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. दहावीच्या परीक्षेला मी एका केंद्रावर पर्यवेक्षक होतो. गावाचं आणि केंद्राचं नाव सांगत नाही. गणिताच्या पेपरला माझ्या ब्लॉकमध्ये एका मुलाकडं चिठ्ठ्या सापडल्या. मी त्या काढून घेतल्या आणि रीतसर अहवाल लिहून दिला. मुलगा मोठ्या घरचा निघाला. दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेलो तर संचालक म्हणाले, "सर, आजपासून तुम्ही वर्गावर नको. ऑफिसात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बघा." मी विचारलं, "का? माझं काही चुकलं का?" ते म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही हो. वरून सांगितलंय."

बस्स, एवढंच. मला निलंबित केलं नाही, कुणी रागावलं नाही. उलट चहा दिला. आणि मी गठ्ठे मोजत बसलो. त्या ब्लॉकवर दुसरे गुरुजी गेले. परीक्षा 'शांततेत पार पडली'. शेवटच्या दिवशी त्याच वर्गातली एक शेतमजुराची मुलगी व्हरांड्यात भेटली. "सर, तुम्ही पुन्हा आमच्या वर्गावर का आला नाही?" मला उत्तर देता आलं नाही. मी गप्प बसलो याची लाज आजही वाटते.

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्या राज्यात गाजलेल्या दोन खटल्यांची नुसती हकिगत सांगतो.

पहिला मालेगावचा. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट झाला. ६ माणसं गेली, शंभरच्या आसपास जखमी झाली. या खटल्यात विशेष सरकारी वकील होत्या रोहिणी सालियन, अनेक मोठे खटले चालवलेल्या मुंबईच्या ज्येष्ठ वकील. तपास आधी एटीएसकडे होता, २०११ मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला. २०१४ मध्ये केंद्रात सरकार बदललं. आणि जून २०१५ मध्ये सालियनबाईंनी 'इंडियन एक्सप्रेस'ला मुलाखत देऊन उघड सांगितलं, की नवं सरकार आल्यापासून आरोपींबाबत नरम धोरण घ्या असा निरोप एनआयएचा एक अधिकारी आपल्याला देतो आहे. पुढं त्याच अधिकाऱ्यानं कळवलं, की तुम्ही या खटल्यात उभं राहू नये अशी वरिष्ठांची इच्छा आहे. त्या एवढंच म्हणत होत्या, की मला यातून रीतसर मोकळं करा. एनआयएनं हे सगळं नाकारलं. मग बाईंनी प्रतिज्ञापत्र करून अधिकाऱ्याचं नावही सांगितलं. पण खटला पुढं दुसऱ्या वकिलांनीच चालवला.

३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. निकाल चूक आहे असं मी म्हणत नाही. पुरावा नसेल तर सोडलंच पाहिजे, नुसत्या संशयावर कुणाला डांबता येत नाही. हजार पानांचं निकालपत्र असलं तरी ते न्यायाधीशांचं काम आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. सालियनबाईंचं म्हणणं खरं की एनआयएचं खरं, याचा नीट छडा लागून तो लोकांसमोर आला का? नाही. मग या निकालावर शंकेची सावली राहणार आणि ती दोन्ही बाजूंना छळणार. ज्यांची माणसं गेली ते म्हणणार, आमचा वकील बदलला. आणि जे सुटले ते खरोखर निर्दोष असतील, तर त्यांच्याही निर्दोषपणावर तोच डाग. वकील बदलणाऱ्यांनी आरोपींचंसुद्धा भलं केलं नाही, हे कुणी लक्षातच घेत नाही.

दुसरा खटला ख्वाजा युनूसचा. परभणीचा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोट प्रकरणात पोलिसांनी धरला. जानेवारी २००३ मध्ये तो नाहीसा झाला. पोलीस म्हणाले, औरंगाबादला नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात ही गोष्ट बनावट ठरली आणि चार पोलिसांवर खुनाचा खटला उभा राहिला. त्यातला एक सचिन वाझे. खटला रखडत रखडत साक्षीपर्यंत आला. २०१८ च्या सुरुवातीला एका साक्षीदारानं कोर्टात आणखी चार पोलिसांची नावं घेतली. विशेष सरकारी वकील धीरज मिरजकर यांनी त्या चौघांनाही आरोपी करावं असा अर्ज दिला. आणि एप्रिल २०१८ मध्ये मिरजकरांची नेमणूक रद्द झाली!

बघा, साक्ष झाली, अर्ज दिला, वकील गेला. का काढलं याचं लोकांना पटेल असं कारण सरकारनं दिलं नाही. युनूसच्या म्हाताऱ्या आईला त्यासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली.

इथं माझे काही वाचक खूश झाले असतील. त्यांना वाटलं असेल, काका बरोबर एका पक्षाला झोडपतायत. थांबा जरा. २०१९ च्या शेवटी सरकार बदललं. तोवर विरोधात असलेले काही पक्षही सत्तेवर आले. त्यांनी मिरजकरांना परत बोलावलं का? नाही. उलट जून २०२० मध्ये वाझेला पोलीस खात्यात परत घेतलं. खटल्यातली सरकारी वकिलाची खुर्ची मात्र रिकामीच. नवा वकील मिळायला २०२२ साल उजाडलं. तोवर पुन्हा सरकार बदललं होतं. मग कुठला पक्ष चांगला म्हणायचा? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच काय तो फरक.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असंही नाही. उत्तर प्रदेशात नवं सरकार आल्यावर ६ फेब्रुवारी १९९० ला एक परिपत्रक निघालं आणि राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांना एकदम घरी बसवलं. कुणाची मुदत संपली, कुणाची नाही, बघितलंच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं. मनाला येईल तसं वागण्याची सरकारला मुभा नाही, असं बजावलं. अमेरिकेतही ७ डिसेंबर २००६ ला बुश सरकारनं सात सरकारी वकिलांना एका दिवशी जायला सांगितलं. त्यातल्या न्यू मेक्सिकोच्या वकिलाला निवडणुकीच्या तोंडावर एका सेनेटरनं फोन करून खटल्याची चौकशी केली होती. तिथं आरडाओरडा झाला, संसदेत सुनावण्या झाल्या आणि २००७ मध्ये अॅटर्नी जनरल गोन्झालेस यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडं मिरजकर गेले तेव्हा आपण काय केलं? पेपर उलटला आणि पुढचं पान वाचलं.

पुतण्याचा युक्तिवाद असा, की सरकारी वकील हा सरकारचा वकील. अशील आपला वकील बदलू शकतो, तसं सरकारही बदलेल. वरवर बरोबर वाटतं. पण इथंच गोम आहे. फौजदारी खटल्यात सरकारी वकिलाचा अशील मंत्री नसतो, पोलीसही नसतो. १९९४ साली हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात, म्हणजे महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याला कायद्यानं स्वतंत्र स्थान आहे. त्याचं काम आरोपीला कसंही करून अडकवणं नाही आणि कुणाला अलगद सोडवणंही नाही. खरं काय ते कोर्टापुढं मांडणं, एवढंच. दिवाणी दाव्यात सरकारचा रस्ता, सरकारची जमीन असते, तिथं अशिलाची गोष्ट ठीक आहे. पण खून झालेल्या माणसाच्या वतीनं बोलणारा दुसरा कुणी नसतो. तो वकील त्या मेलेल्या माणसाचा आणि तुमचा-माझा असतो.

आता कायद्यातली गंमत बघा. सरकारी वकील नेमायचा कसा हे फौजदारी संहितेत सविस्तर दिलं आहे. आधी ते कलम २४ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८ आहे. विशेष सरकारी वकील व्हायला किमान १० वर्षं वकिली झालेली हवी. जिल्ह्याचं पॅनेल जिल्हाधिकाऱ्यानं सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून करायचं. पण काढायचा कसा? त्यावर त्या कलमात एक ओळ नाही! ज्याला नेमायचा अधिकार त्याला काढायचाही अधिकार, या सर्वसाधारण नियमावर काम भागवलं जातं. आणि आपल्या पुरोगामी महाराष्ट्रानं तर १९८१ सालीच जुन्या कलमात स्वतःपुरती दुरुस्ती करून घेतली. सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याऐवजी राज्य सरकारची मंजुरी. न्यायाधीश बाहेर, मंत्रालय आत. तेव्हापासून किती पक्ष सत्तेवर आले आणि गेले! विरोधात असताना सगळे न्यायाच्या नावानं घसा कोरडा करतात. ही सोय मात्र सत्तेवर आल्यावर प्रत्येकाला आवडते.

कुणी म्हणेल, सरकारी वकील काय सगळे देवमाणसं असतात? मुळीच नाही. मार्च २०२२ मध्ये विधानसभेत देवेंद्र फडणवीसांनी पेन ड्राइव्ह दाखवला आणि पुण्याचे विशेष सरकारी वकील प्रवीण चव्हाण विरोधी नेत्यांना अडकवायचे डाव रचतात असा आरोप केला. चव्हाणांनी तो नाकारला आणि ते पदावरून दूर झाले. असे आरोप झाले तर चौकशी व्हायलाच हवी आणि दोषी असेल तर काढायलाच हवं. मी कुठं म्हणतो की सरकारी वकिलाला हात लावू नका? पण गंमत अशी की या दोन्ही प्रकारच्या प्रकरणांत आपल्याकडं औषध एकच, आणि तेही अंधारात द्यायचं. वाईट वकील कुठला आणि अडचणीचा वकील कुठला, हे लोकांना कळावं कसं?

माझं मागणं फार मोठं नाही. खटला चालू असताना सरकारी वकील बदलायचा असेल तर कारण लेखी द्या. ते खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांसमोर ठेवा. ज्याचं माणूस गेलं त्याला बोलायची संधी द्या. न्यायाधीशांना कारण पटलं तरच बदला. आणि खुर्ची रिकामी ठेवायची नाही, ठरावीक दिवसांत नवा माणूस उभा करायचा. शाळेच्या शिपायालासुद्धा काढायचं तर नोटीस द्यावी लागते हो!

आपल्या कोल्हापूरकरांना मला एक विचारायचं आहे. खंडपीठासाठी आपण चाळीस वर्षं भांडलो. मोर्चे काढले, वकिलांनी कामं बंद ठेवली, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मुरगूडच्या म्हाताऱ्याला आता तारखेसाठी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही. पण कोर्ट कुठं बसावं यासाठी एवढं भांडणारे आपण, त्या कोर्टात लोकांच्या बाजूनं कोण उभं राहतं आणि त्याला कोण कधी खाली बसवतं, याबद्दल एकदाही रस्त्यावर आलो नाही. इमारत जवळ आली, न्याय जवळ आला का?

पुतण्या जाताना म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं खरं हाय, पण असं बोलून काय होणार?" मी म्हटलं, "बाबा रे, मी एकदा न बोलून बघितलंय. त्यानं काय होतं ते मला माहीत आहे." ती व्हरांड्यातली मुलगी आज पन्नाशीला आली असेल. तिला उत्तर द्यायचं अजून राहिलंच आहे.